मुलताईच्या तिसऱ्या चौकटीतून निघणारी तापी: सामान्यज्ञान शब्दकोड्यांच्या एका पुस्तकाचे परीक्षण

सामान्यज्ञानावर आधारलेल्या शब्दकोड्यांचे हे पुस्तक मी गेल्या जून महिन्यात जळगावला बसस्थानकाजवळच्या एका विक्रेत्याकडून आमच्या वाचनालयासाठी घेतले. अमळनेर तालुक्यातल्या एका गावात आमचे हे छोटे वाचनालय आहे. सकाळी वृत्तपत्रे वाचायला येणारी वडीलधारी मंडळी आणि दिवसभर तलाठी, पोलीस भरती किंवा राज्यसेवेच्या परीक्षेचा अभ्यास करणारी मुले-मुली असा आमचा वाचकवर्ग आहे, आणि त्यांच्यासाठी कोणती पुस्तके घ्यावीत हे ठरवण्याचे काम ग्रंथपाल म्हणून माझ्याकडे आहे. पुस्तकात १२० कोडी आहेत, प्रत्येक कोडे अकरा बाय अकरा चौकटींचे आहे, उत्तरे शेवटी दिली आहेत आणि किंमत १८० रुपये आहे. आम्ही चार प्रती घेतल्या. कोड्यांचे पुस्तक नुसते चाळून त्याविषयी मत देणे योग्य नाही, म्हणून लिहायला मी उशीर केला. सहा महिन्यांत मी स्वतः ८७ कोडी शेवटच्या चौकटीपर्यंत भरली आहेत आणि उरलेली आमच्या वाचकांनी भरलेली पाहिली आहेत. पुस्तकाचे आणि प्रकाशकाचे नाव येथे देत नाही, कारण पुढे ज्या चुका सांगणार आहे त्या मी त्यांना पत्राने कळवल्या आहेत आणि नव्या आवृत्तीत त्या दुरुस्त करण्याची संधी त्यांना मिळावी, असे मला मनापासून वाटते.

माझे मत आधीच सांगतो. हे पुस्तक विकत घ्यावे इतक्या योग्यतेचे आहे, कारण ज्यांनी कोडी रचली आहेत त्यांना शब्दांची आणि आपल्या मुलखाची खरी माया आहे. मात्र मागच्या पानांवर छापलेल्या उत्तरांवर डोळे झाकून विसंबू नये, कारण रचनेत घेतलेले कष्ट माहिती तपासताना घेतलेले दिसत नाहीत.

रचनेतले कष्ट म्हणजे काय, ते ४६ व्या कोड्यावरून दाखवता येईल. त्यात आडव्या शब्दांत एक शोधसूत्र असे आहे: ‘बैतूल जिल्ह्यातील हे गाव, खान्देशाच्या जीवनदायिनीचा उगम येथे होतो’, आणि पुढे कंसात चारचा आकडा. उभ्या शब्दांत दुसरे सूत्र असे: ‘सुमारे ७२४ किलोमीटर वाहत जाऊन सुरतजवळ अरबी समुद्राला मिळणारी नदी’, कंसात दोन. पहिल्याचे उत्तर मुलताई आणि दुसऱ्याचे तापी, हे खान्देशातल्या बहुतेक वाचकांना लगेच सुचेल. परंतु दोन्ही उत्तरे भरून झाल्यावर कागदाकडे पाहिले तेव्हा मी थबकलो. मु, ल, ता, ई अशा चार चौकटी आडव्या आहेत आणि तिसऱ्या चौकटीतल्या ‘ता’मधून तापी खाली उतरते. नदी नकाशावर जिथून निघते, तिथूनच ती कोड्यातही निघाली आहे. मुलताई हे नावच मूलतापीवरून आले आहे, तेव्हा हा छेद केवळ अक्षरांच्या योगायोगाचा नाही. तो रचणाऱ्याने हेतुपूर्वक शोधून काढलेला असावा, आणि शब्दकोड्यासारख्या छोट्या गोष्टीत इतका विचार केलेला पाहून मला फार समाधान वाटले. दोन्ही सूत्रांत दुसऱ्याचे उत्तर उघड होणार नाही अशी शब्दयोजना केली आहे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

मराठीत असा छेद साधणे इंग्रजीपेक्षा वेगळ्या प्रकारे अवघड असते. आपल्याकडे एका चौकटीत एक पूर्ण अक्षर बसते, म्हणजे व्यंजन, त्याची काना-मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षर असेल तर तेही एकत्रच. त्यामुळे इंग्रजीत सात चौकटी घेणारी नर्मदा मराठीत तीनच चौकटींत मावते, आणि र्म हे जोडाक्षर मधल्या एकाच घरात राहते. शब्द आखूड होतात, पण एकमेकांशी जुळणे कठीण होते, कारण ‘ण’ला ‘णा’ चालत नाही आणि ‘पि’ला ‘पी’ चालत नाही. आडव्या शब्दातले अक्षर उभ्या शब्दात मात्रेसकट तसेच्या तसे यावे लागते. आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात चौकटच्या इक्क्याच्या आकाराचे जे पहिले कोडे छापले, ते सुट्या इंग्रजी वर्णांवर उभे होते. तोच खेळ देवनागरीत आणताना आपल्या भाषेतल्या रचनाकारांना त्याचे नियमच नव्याने बसवावे लागले आहेत.

या दृष्टीने १८ वे कोडे मला सर्वांत आवडले. त्यात ‘गिरणा’ उभा आहे आणि ‘बहिणाबाई’ आडवा आहे, आणि दोन्हींची तिसरी चौकट ‘णा’ची असल्यामुळे नदी आणि कवयित्री तिथे एकमेकींना भेटतात. बहिणाबाई चौधरी यांच्या जयंतीला, २४ ऑगस्टला, मी हे कोडे वाचनालयाच्या फळ्यावर मोठे करून काढले होते. तिथे जमलेल्या मुलांपैकी एकाला १८८० हे जन्मसाल माहीत होते, दुसरीला त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते हे माहीत होते, पण जन्मगाव विचारल्यावर दोन मते पडली. कोड्यातले सूत्र होते ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे माहेर’, तीन अक्षरे. एकाने आसोदे लिहिले, दुसऱ्याने आसोदा. दोन्ही रूपे आपल्या भागात चालतात, बोलताना तर दुसरेच अधिक ऐकू येते. अशा ठिकाणी शेवटची चौकट दुसऱ्या शब्दाने छेदलेली असेल तरच निर्णय होतो, आणि येथे ती छेदलेली नाही. रचनाकाराने हे लक्षात घेऊन एकतर छेद द्यायला हवा होता किंवा उत्तरांत दोन्ही रूपे ग्राह्य आहेत असे छापायला हवे होते. मुलांनी मात्र त्या वादात अर्धा तास घालवला आणि त्या गावाचे नाव त्यांतले कोणी आता विसरेल असे मला वाटत नाही.

ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत पुस्तक एके ठिकाणी स्पष्टपणे चुकले आहे. ६१ व्या कोड्यात ‘१९३६ साली काँग्रेसचे अधिवेशन भरलेले खान्देशातील गाव’ असे सूत्र आहे. उत्तर फैजपूर. पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली डिसेंबर महिन्यात भरलेले ते अधिवेशन ग्रामीण भागात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन होते, आणि यावल तालुक्यातल्या या गावाचे नाव त्यामुळे देशभर गेले. सूत्र उत्तमच आहे. पण फैजपूरच्या तिसऱ्या चौकटीतून खाली ‘पुणे’ उतरवले आहे. शब्दाच्या शेवटी येणारे ‘पूर’ मराठीत दीर्घ लिहायचे असते, नागपूर आणि सोलापूर जसे लिहितो तसेच, आणि पुण्यातला ‘पु’ ऱ्हस्व आहे. म्हणजे एकाच चौकटीत ‘पू’ही हवा आणि ‘पु’ही हवा. शाळेत शुद्धलेखनाची उजळणी केलेल्या आमच्या एका वाचक मुलीने ती चौकट कोरी सोडली आणि मला येऊन विचारले, ‘सर, यांतला कोणता बरोबर धरायचा?’ तिला मी सांगितले की चूक तिची नाही. या जागी ‘पूर्णा’ हा शब्द सहज बसला असता. तोही दोनच चौकटींचा आहे, त्याची दुसरी चौकट कशानेही छेदलेली नाही, आणि पूर्णा ही तापीची मोठी उपनदी असल्यामुळे कोड्याला आणखी खान्देशी रंग आला असता. इतका सोपा पर्याय हाताशी असताना ही चूक राहिली याची मला हळहळ वाटते.

यापेक्षा गंभीर दोष जुन्या झालेल्या माहितीचा आहे, आणि परीक्षेच्या मुलांच्या हाती पुस्तक द्यायचे असल्यामुळे त्याविषयी मी अधिक सविस्तर लिहितो. सामान्यज्ञान बदलत राहते. मुखपृष्ठावर सुधारित आवृत्ती असे छापले असेल तर आतले ज्ञानही सुधारलेले असावे अशी अपेक्षा रास्त आहे. ९ व्या कोड्यात ‘महाराष्ट्रातील जिल्ह्यांची संख्या’ विचारली आहे, तीन अक्षरे, आणि मागे उत्तर पस्तीस दिले आहे. ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी, आणि तेव्हापासून ही संख्या छत्तीस आहे. अडचण अशी की पस्तीस आणि छत्तीस दोन्ही तीन चौकटींचे, आणि त्या शब्दाची एकच चौकट दुसऱ्या शब्दाला छेदते, तीही तिसरी, जिथे ‘सरपंच’मधला ‘स’ आहे. तो ‘स’ दोन्ही संख्यांना चालतो. सोडवणाऱ्याला बरोबर उत्तर भरून पुढे जाता येते आणि मागे पाहिल्यावर आपण चुकलो असा त्याचा गैरसमज होतो. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलाने असेच छत्तीस खोडून पस्तीस केले होते. त्या पानावर मी लाल शाईने दुरुस्ती लिहून ठेवली आहे.

म्यानमारच्या राजधानीचे सूत्र याहून त्रासदायक आहे. पुस्तक म्हणते यांगून. त्या देशाच्या सरकारचा कारभार २००५ सालीच यांगूनहून नेपिडॉला हलवण्यात आला आहे. ही दोन्ही नावेही तीन-तीन चौकटींची आहेत, पण येथे मधली चौकट छेदलेली आहे आणि तिच्यातून ‘गूळ’ हा शब्द खाली जातो. त्यामुळे ज्याला जुनी माहिती आहे त्याचे कोडे सुरळीत सुटते आणि ज्याला अचूक ज्ञान आहे तोच अडतो, कारण उसाच्या रसापासून होणारा दोन अक्षरी पदार्थ ‘पि’ने सुरू होत नाही. सूत्रात ‘पूर्वीची’ एवढा एक शब्द घातला असता तरी सगळे कोडे निर्दोष झाले असते.

सूर्यापासून सर्वांत दूरच्या ग्रहाचेही तसेच झाले आहे. दोन चौकटी आणि उत्तर प्लुटो. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २००६ साली प्लुटोला ग्रहांच्या यादीतून काढून बटुग्रह ठरवले आणि हा मान नेपच्यूनकडे गेला, हे आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. नेपच्यून चार चौकटींचा असल्यामुळे येथे निदान चौकटी मोजताच चूक उघडी पडते. छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांची नावेही पुस्तकात जुनीच आहेत. त्याउलट क्षेत्रफळाने सर्वांत मोठे राज्य म्हणून राजस्थान बरोबर दिले आहे. छत्तीसगड वेगळे होईपर्यंत, म्हणजे २००० सालापर्यंत, तो मान मध्य प्रदेशाकडे होता, आणि अनेक जुन्या पुस्तकांत ती चूक अजून आढळते. म्हणजे काही सूत्रे तपासली गेली आहेत आणि काही नाहीत. हा असमतोल पाहता एकूण १२० कोड्यांपैकी जागतिक भूगोल आणि विज्ञान यांची सूत्रे एखाद्या जुन्या संग्रहातून तशीच उचलली असावीत, असा माझा अंदाज आहे.

शोधसूत्राचा खरा गुण असा की त्याचे उत्तर एकच असावे आणि ते सापडल्यावर दुसरे काही असूच शकत नाही अशी खात्री पटावी. या कसोटीवर पुस्तकातली बहुतेक सूत्रे उतरतात, पण एक सूत्र मला खटकले. ‘साने गुरुजींचे गाव’ एवढेच लिहून पाच चौकटी दिल्या आहेत. गुरुजींचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगडचा. अमळनेर ही त्यांची कर्मभूमी, तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये ते शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळत होते. आम्हा अमळनेरकरांना गुरुजी आपल्याच गावचे वाटतात आणि ते योग्यही आहे, तरी कोड्याच्या सूत्रात ‘जिथे शिक्षक होते ते गाव’ असे नेमके लिहायला हवे होते. चौकटी पाच आहेत म्हणून पालगड बसत नाही आणि सोडवणारा वाट काढतो, पण चौकटींच्या आधाराने सूत्राचा ढिलेपणा झाकणे हे चांगल्या रचनाकाराचे लक्षण नव्हे.

नेमकेपणाचा उत्तम नमुनाही याच पुस्तकात आहे आणि तो चांगदेव या चार अक्षरी उत्तराचा. हे उत्तर तीन वेगवेगळ्या कोड्यांत आले आहे आणि तिन्ही वेळा सूत्र निराळे आहे. एकदा ‘तापी-पूर्णा संगमावरील मुक्ताईनगर तालुक्यातील गाव’, एकदा ‘ज्यांना ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचे पत्र लिहिले ते योगी’, आणि तिसऱ्यांदा ‘भास्कराचार्यांचा ज्योतिषी नातू’. हे तिसरे सूत्र सोडवायला आमच्याकडे तीन दिवस लागले. भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला आणि त्यातला पाटीगणिताचा भाग म्हणजे लीलावती, इतपत मुलांना पाठ असते. परंतु त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता आणि आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने मठ स्थापला, अशी नोंद करणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे, हे त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. पाटणादेवीला दर्शनाला सगळेच गेलेले. उत्तर सापडल्यावर दोन मुले पुढच्या रविवारी पुन्हा पाटणला जाऊन आली आणि त्यांनी फोटो काढून आणले. अशा सूत्रांसाठी मी १८० रुपये आनंदाने देईन.

परीक्षेच्या दृष्टीने या पुस्तकाचा उपयोग काय, असा प्रश्न पालक विचारतात, म्हणून त्याविषयी माझा अनुभव सांगतो. भरती परीक्षांत चार पर्याय समोर असतात. बरोबर पर्याय ओळखता आला की गुण मिळतो, मग तो शब्द स्वतःहून आठवला असता की नाही याला महत्त्व उरत नाही. शब्दकोड्यात पर्याय नसतात. तिथे स्मरणातून शब्द बाहेर काढावा लागतो, तो शुद्ध लिहावा लागतो आणि शेजारच्या शब्दाशी जुळवून पाहावा लागतो. धुळ्याची पांझरा आणि अजिंठा लेण्यांना वळसा घालणारी वाघूर या दोन नद्यांत आमची मुले नेहमी गोंधळत, कारण प्रश्नसंचात दोन्ही नावे एकाखाली एक छापलेली असत. कोड्यात पांझराच्या शेवटच्या ‘रा’मधून ‘अहिराणी’ आडवी जाते. तेव्हापासून पांझरा म्हटले की अहिराणी बोलणारे धुळे त्यांच्या डोळ्यांसमोर येते आणि वाघूरशी गोंधळ होत नाही. असे असले तरी प्रश्नसंचाची जागा हे पुस्तक घेऊ शकत नाही, कारण घटना, कायदे आणि योजना यांची लांबलचक नावे अकरा चौकटींत बसत नाहीत आणि म्हणून तो भाग यात जवळजवळ नाहीच.

वडीलधाऱ्या वाचकांना पुस्तक अधिक भावले आहे. आमच्याकडे रोज सकाळी एक निवृत्त रेल्वे कर्मचारी येतात, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. एके दिवशी दोन मुले ७३ व्या कोड्यापाशी अडून बसली होती. सूत्र होते ‘१९१८ साली बालकवींचे अपघाती निधन झाले ते रेल्वेस्थानक’, तीन चौकटी, आणि शेवटची ‘ली’ तेवढी भरलेली. मुलांना बालकवींचे जन्मगाव धरणगाव माहीत होते, पण ते पाच अक्षरांचे. आप्पांनी वृत्तपत्रावरून नजर न काढता सांगितले, ‘हाई भादली शे, भाऊ.’ मग त्यांनी वृत्तपत्राची घडी घातली आणि जळगाव-भुसावळ दरम्यानच्या त्या छोट्या स्थानकावर आपण किती पाळ्या केल्या, रात्रीची गाडी तिथे कशी वेगाने निघून जाते, रूळ ओलांडणारा माणूस चुकतो तो कुठे, हे सगळे सांगितले. वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेलेल्या त्या कवीविषयी मुलांनी त्या दिवशी ग्रंथालयातून पुस्तक मागून नेले. आप्पा आता रोज एक कोडे मुलांबरोबर सोडवतात आणि स्थानके, नद्या, घाट यांच्या सूत्रांसाठी मुले त्यांचीच वाट पाहतात.

खान्देशाविषयीची सूत्रे माझ्या मोजणीप्रमाणे प्रत्येक कोड्यात दोन-तीन तरी आहेत आणि ती सगळीकडे पसरलेली आहेत हे मला विशेष वाटते. प्रकाशा, सारंगखेडा, तोरणमाळ, थाळनेर ही नावे मुंबई-पुण्याच्या कोड्यांत क्वचितच दिसतात. भारतातल्या पहिल्या महिला राष्ट्रपतींचा जन्म जळगाव जिल्ह्यातला आणि विप्रो कंपनीची सुरुवात १९४५ साली अमळनेरच्या वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाली, अशा गोष्टी नेमक्या सूत्रांत आल्या आहेत. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याचाही उल्लेख आहे. नंदुरबारच्या वाट्याला मात्र कमी जागा आली आहे. १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा, तिथले शिरीषकुमार आणि त्यांच्याबरोबर ९ सप्टेंबर १९४२ रोजी गोळीबारात पडलेले बालवीर, अस्तंभ्याचे शिखर आणि तिथली यात्रा, यांवर सूत्रे सहज करता आली असती. क्रिकेट आणि चित्रपट यांवरची सूत्रे भरणा म्हणून घातलेली आहेत; त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे फारसे काही नाही. चलने आणि राजधान्या यांची सूत्रे कोरडी आहेत आणि, वर सांगितल्याप्रमाणे, तीच सर्वांत जास्त चुकलेली आहेत.

उत्तरांच्या पानांविषयी एक तक्रार आहे. सहा-सहा कोड्यांची उत्तरे एका पानावर इतक्या बारीक अक्षरांत छापली आहेत की आप्पांसारख्यांना भिंग घ्यावे लागते, आणि जोडाक्षरांच्या मात्रा एकमेकींत मिसळल्या आहेत. दोन ठिकाणी कोड्याचा क्रमांकही चुकला आहे: ८८ चे उत्तर ८९ खाली आणि ८९ चे ८८ खाली आले आहे. यापेक्षा मोठी उणीव म्हणजे कोणत्याही उत्तरापुढे एका ओळीचेही स्पष्टीकरण नाही. चांगदेवाच्या तिसऱ्या सूत्रापुढे ‘पाटण येथील शिलालेखावरून’ एवढे तीन शब्द असते तर आमचे तीन दिवस वाचले नसते, पण ज्याच्या जवळ वाचनालय नाही अशा वाचकाला आपले उत्तर का बरोबर आहे ते कळले असते. प्रकाशकांना पाठवलेल्या पत्रात मी ही मागणी सर्वांत वर लिहिली आहे. पत्र नोव्हेंबरमध्ये पाठवले. उत्तर अद्याप आलेले नाही.

आता कागदाविषयी. शब्दकोड्यांचे जगातले पहिले पुस्तक अमेरिकेत १९२४ साली सायमन अँड शुस्टर यांनी काढले तेव्हा त्याच्यासोबत एक पेन्सिल जोडून दिली होती. या खेळात खोडणे हे लिहिण्याइतकेच आवश्यक असते, हे त्या प्रकाशकांना कळले होते. आपल्या या पुस्तकाचा कागद मात्र वृत्तपत्राच्या कागदाहून थोडाच बरा आहे. शाईपेनने लिहिले तर मागच्या पानावर उमटते, बॉलपेनने लिहिले तर खोडता येत नाही आणि पेन्सिलने लिहून दोनदा खोडले की कागदाला लव सुटते. घरी एकट्याने सोडवणाऱ्याला हे फारसे जाणवणार नाही, पण वाचनालयात एकाच पानावर दहा हात फिरतात. आमच्या दुसऱ्या प्रतीत ४६ व्या कोड्यातली ‘ता’ची चौकट आडव्या शब्दासाठी एकदा आणि उभ्यासाठी एकदा अशी वारंवार भरली आणि खोडली गेली, तिथे आता आरपार छिद्र पडले आहे. ज्यांना पुस्तक घ्यायचे आहे त्यांनी मऊ शिशाची पेन्सिल आणि चांगला पांढरा खोडरबर आधी घ्यावा, आणि संस्थेसाठी घेत असाल तर एका प्रतीवर कोणालाही लिहू देऊ नये.

आम्ही तसेच केले आहे. चौथी प्रत कपाटात कोरी ठेवली आहे, तिच्या पहिल्या पानावर मी ९, ६१, ८८ आणि ८९ या कोड्यांच्या आणि म्यानमार व प्लुटो यांच्या दुरुस्त्यांची चिठ्ठी चिकटवली आहे, आणि मुलांना हवी ती पाने त्या प्रतीवरून झेरॉक्स काढून देतो. ४६ वे कोडे मोठे करून पुठ्ठ्यावर चिकटवले आहे आणि त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक बसवले आहे, म्हणजे फळ्याच्या पेनाने लिहून ओल्या फडक्याने पुसता येते. तो पुठ्ठा वृत्तपत्रांच्या टेबलाशेजारी टांगलेला असतो आणि सकाळी पहिला येणारा वाचक तो भरून ठेवतो.